सेतू बांधायला किती जण लागतात?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आमचे सगळे गुरुजन, समोर बसलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी आणि वर्गमित्र, आणि 'जेवण किती वाजता आहे' एवढंच विचारायला आलेली तुमची मुलंबाळं,

संयोजकांनी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर ही मुलं माझ्यापेक्षा जास्त बोलतील. मी गाण्यांवर बोलते. त्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. त्यांना वाटलं असेल, ही आता गाते की काय! घाबरू नका. मी एकदाच गायले होते, १९९५ च्या जानेवारीत, आपल्या गॅदरिंगला, याच मैदानावर. शेवटी मला तिथंच यायचं आहे. पण त्याआधी दोन अल्बमविषयी बोलते. एक आपल्या घरातला आहे आणि दुसरा सातासमुद्रापलीकडचा.

घरातला म्हणजे गीतरामायण. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी त्याच्या कॅसेट होत्या. आमच्या घरी त्या फडताळात वरच्या कप्प्यात ठेवलेल्या असायच्या, आणि बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. रामनवमीला गंगाखेडात गोदावरीच्या घाटावरून घरी येईपर्यंत चार घरांतून तोच एक आवाज ऐकू यायचा, सुधीर फडके यांचा. बाबूजी. राम तेच, सीता तेच, कौसल्या, शबरी, हनुमानही तेच. मी इंजिनिअरिंग करून पुण्याला नोकरीला लागेपर्यंत माझी पक्की समजूत होती की गीतरामायण म्हणजे हेच, आणि पहिल्यापासून असंच.

तसं नव्हतं. गीतरामायण पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून. केंद्रावरच्या सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं ही मालिका सुरू झाली. गीतं गदिमांची, संगीत बाबूजींचं. दर आठवड्याला एक नवं गीत यायचं. वर्षाची बावन्न गीतं ठरली होती, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं छप्पन्न झाली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. आणि त्या मालिकेत एक आवाज नव्हता, अनेक आवाज होते. कौसल्येची गीतं ललिता फडके यांनी गायली होती, सीतेची माणिक वर्मांनी. वसंतराव देशपांडे होते, मालती पांडे होत्या, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर होते. चंद्रकांत गोखल्यांसारखे नटही गायले होते. काही गीतं समूहानं गायलेली होती. रेडिओवर एखादं संगीत नाटक आठवड्याला एक प्रवेश या हिशेबानं वर्षभर चालावं, तसं ते होतं.

त्या वेळी आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुण्यात लोक घड्याळाकडे बघत रेडिओसमोर बसायचे तेव्हा आपल्याकडे किती घरांत रेडिओ होता, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींवरून तुम्हीच ताडा. माझ्या आजोबांच्या घरात तरी नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तोपर्यंत मालिका संपूनही गेली होती. म्हणजे पहिलं गीतरामायण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरापर्यंत पोचलंच नाही. आपल्याकडे आलं ते नंतरचं, सडं केलेलं. बाबूजी स्वतः पेटी घेऊन बसायचे, सोबत मोजके साथीदार, मध्ये थोडं निवेदन, आणि सगळी पात्रं एका गळ्यात. त्या मैफली गावोगाव झाल्या आणि मग बाबूजींच्याच आवाजात ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटही निघाल्या.

आकाशवाणीचं मूळ ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाळिशीला आले होते. खरं सांगते, आधी आवडलं नाही. वाटलं, ह्या कोण मधेच आल्या? कान बाबूजींचा आवाज शोधत होता. दोन-तीन गीतं झाल्यावर मात्र गंमत कळायला लागली. कौसल्येचं दुःख बाईच्या आवाजात ऐकू आलं, तेव्हा ते मला कुणी समजावून सांगत नव्हतं, ती बाई स्वतः बोलत होती. बाबूजी गातात तेव्हा ते कौसल्येची गोष्ट सांगतात. या दोन्हींत फरक आहे. पहिलं नाटकासारखं आहे आणि दुसरं कीर्तनासारखं.

कीर्तन आपल्याला वेगळं सांगायला नको. आपण जनाबाईच्या गावचे. एक बुवा उभे राहतात, तेच देव, तेच भक्त, तेच चोर आणि तेच राजा. सगळा पसारा काढून टाकलेला असतो आणि तरी काही कमी पडत नाही. शिवाय एक बुवा एसटीनं कुठल्याही गावाला जाऊ शकतो. पंधरा गायकांना आणि वाद्यमेळाला घेऊन आपल्या तालुक्यात कोण येणार होतं? बाबूजींनी आवाज कमी केले म्हणून गीतरामायण वाटेला लागलं आणि आपल्या फडताळापर्यंत आलं. त्यामुळे मी त्या सड्या रूपाला कधी नावं ठेवणार नाही. चाली त्यांच्याच होत्या. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्याचा त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता.

आता दुसरा अल्बम. २००३ च्या शेवटी, मी पुण्यात नोकरीला नवीन असताना, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं एक सीडी आणली. बीटल्सची. नाव 'लेट इट बी... नेकेड', म्हणजे 'लेट इट बी'ची उघडीवाघडी आवृत्ती. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला जुनी आणि नवी सीडी आलटून पालटून ऐकवत होता. मला बीटल्सची दोन गाणी माहीत होती, पण ती भानगड मात्र फार आवडली.

भानगड अशी. जानेवारी १९६९ मध्ये या चौघांनी ठरवलं की आता स्टुडिओतली सजावट बंद, चौघांनी एकत्र वाजवायचं आणि जसं होईल तसं ठेवायचं. त्यातूनच ३० जानेवारीला लंडनमध्ये आपल्या ऑफिसच्या गच्चीवर त्यांनी तो गाजलेला कार्यक्रम केला. पण चौघांचं आपसात पटेनासं झालं होतं. टेपा तशाच पडून राहिल्या. वर्षभरानं त्या फिल स्पेक्टर नावाच्या निर्मात्याकडे दिल्या गेल्या. त्यानं एप्रिल १९७० मध्ये 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या गाण्यावर व्हायोलिनांचा ताफा, वीणेसारखं वाजणारं हार्प आणि बायकांचा कोरस चढवला. ज्यानं ते गाणं रचलं आणि गायलं, त्या पॉल मॅकार्टनीला विचारलं नाही. ८ मे १९७० ला अल्बम आला तोवर बीटल्स फुटल्याची बातमी जगभर झाली होती. भागीदारी मोडायला पॉल कोर्टात गेला, तेव्हा या गाण्यात केलेली ढवळाढवळही त्यानं कारणांमध्ये घातली होती. जॉन लेननला मात्र स्पेक्टरचं काम पटलं होतं. एकाच घरातल्या भावांना वाटणीचा हिशेब दोन तऱ्हांनी आठवावा, तसं ते.

तेहेतीस वर्षांनी त्याच जुन्या टेपा काढून ॲबी रोड स्टुडिओच्या तंत्रज्ञांनी नवा अल्बम केला. व्हायोलिनं गेली, कोरस गेला, गाण्यांच्या मधल्या गप्पाटप्पा गेल्या, दोन छोटी गाणी गेली आणि बाहेर राहिलेलं एक गाणं आत आलं. मी दोन्ही ऐकले. जुन्या अल्बममध्ये 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' लग्नाच्या हॉलसारखं वाटतं, सगळीकडे झुंबरं. नव्यात फक्त पियानो, आवाज आणि मागं मोजके साथीदार. गाणं जवळ येऊन बसतं. मला नवंच आवडलं, आणि आजही तेच आवडतं.

पण आमच्या त्या सहकाऱ्यानं माझा उत्साह थोडा उतरवला. तो म्हणाला, "ही उघडी आवृत्ती वाटते तितकी उघडी नाही." 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' मधून त्यांनी नुसती व्हायोलिनं काढली नव्हती, वेगळ्या दिवशी गायलेलं ते गाणं घेतलं होतं. गच्चीवरचं एक गाणं दोन वेळच्या वादनांचे तुकडे जोडून केलं होतं. चुका कॉम्प्युटरवर पुसल्या होत्या. म्हणजे सजावट काढायलाही सजावटीइतकंच काम लागलं, आणि 'हेच खरं मूळ' म्हणताना तेही कुणीतरी निवडलेलंच होतं. कोरसमधल्या त्या बायकांना चढवताना कुणी काही विचारलं नसेल, आणि उतरवताना तर नाहीच नाही.

मी धंद्यानं कोड लिहिणारी. आमच्याकडे रोज हेच चालतं. कोड वाढत जातो, मग कुणीतरी म्हणतं, साफ करा. साफ करणं चांगलंच असतं. पण आमचा एक साधा नियम आहे. काहीही काढा, पण काय काढलं, कुणी काढलं आणि का काढलं, हे लिहून ठेवा. आणि जुनी प्रत पुसू नका. बीटल्सच्या टेपा जपल्या होत्या म्हणून तेहेतीस वर्षांनी कुणाला परत जाऊन बघता आलं. आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण राहिलं म्हणून मला चाळिशीत कौसल्या भेटली. दोन्ही प्रती असल्या की भांडण नसतं, निवड असते.

आता आपल्या मैदानावर येते.

जानेवारी १९९५ च्या गॅदरिंगसाठी गायनाच्या सरांनी गीतरामायणातलं सेतू बांधण्याचं गीत बसवलं होतं. आकाशवाणीवरही ते समूहगीत होतं, आणि ते बरोबरच आहे. वानरसेना समुद्रात दगड टाकते आहे, तिथं एकट्यानं काय गायचं? आम्ही आठ जणी होतो. तीन आठवडे शाळा सुटल्यावर सहावीच्या वर्गात सराव चालायचा. गॅदरिंगच्या आठवडाभर आधी सरांनी स्वतःच्या टू-इन-वनवर आमचा सराव टेप केला, आमच्या चुका आम्हालाच ऐकवायला.

गॅदरिंगला तीन दिवस राहिले आणि मंडपवाल्यानं सांगितलं, चालणारा माइक एकच आहे. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. सगळी कडवी मला पाठ होती, कारण बाबांच्या कॅसेट. सर म्हणाले, "एका माइकवर आठ जणी मावायच्या नाहीत. तू एकटी गा, दोन कडवी. बाकीच्यांना नीट सांग, माइक एकच आहे म्हणून."

मी वर्गात आले आणि सांगितलं, "सरांनी मला एकटीला गायला सांगितलंय."

एवढंच सांगितलं. माइकचं सांगितलं नाही. विसरले नव्हते. पंधरा वर्षांच्या मला वाटलं, निवड झाली असं समजू देत की यांना.

मी गायले. एकटीनं समुद्रावर सेतू बांधला. टाळ्या झाल्या, बक्षिसाचा स्टीलचा डबा मिळाला, तो आईनं पुढं कितीतरी वर्षं रव्याला वापरला. आठ जणींपैकी एक त्या दिवशी गॅदरिंगला आलीच नाही. ती खेड्यावरून एसटीनं यायची. मी समजले, गाडी चुकली असेल.

या मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा सरांनी एक कॅसेट माझ्याकडे दिली. म्हणाले, "गॅदरिंगची आहे. तुझ्या कॉम्प्युटरवर घे, सगळ्यांना पाठव." मी ती लॅपटॉपवर उतरवून घेतली. पट्टीचा खरखराट कमी केला, मंडपातलं खोकणं कमी केलं. माझं गाणं तीन मिनिटांत संपलं, टाळ्या झाल्या, आणि 'खट्' असा बटणाचा आवाज आला. मी बंद करणार होते. तेवढ्यात पुढं गाणं चालू झालं. मधूनच, अर्ध्या शब्दावर. आठ जणींचं.

मुलांनो, तुम्ही कॅसेट वापरलेल्या नाहीत म्हणून सांगते. कॅसेटवर दुसऱ्यांदा टेप करताना मशीन आधीचा आवाज पुसत पुढं जातं आणि त्यावर नवा भरतं. पण नवं जेवढं चालेल तेवढंच जुनं पुसतं. सरांकडे कॅसेट एकच होती. सरावाच्याच पट्टीवर त्यांनी गॅदरिंग टेप केलं. सरावाचं गाणं पूर्ण होतं, माझं दोनच कडव्यांचं. म्हणून माझ्या गाण्याखाली त्या आठ जणी पुसल्या गेल्या, आणि जिथं मी संपले तिथून पुढं त्या शिल्लक राहिल्या. बेचाळीस सेकंद.

त्यात एक आवाज खाली आहे, जाड, भरदार. बाकीच्या सात जणी वर पळतात, तिथं तो आवाज जोत्यासारखा जागेवर उभा आहे. तो काढून बघितला तर गाणं हलकं होतं. हे मी मनानं सांगत नाही. आता आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर मिळतं, ते त्या जुन्या पट्टीवर जेमतेम चाललं, पण एवढं कळण्यापुरतं चाललं.

ती बेचाळीस सेकंदं मी तिला पाठवली. नाव घेत नाही, ती समोर बसली आहे, आणि तिला विचारूनच हे सांगते आहे. तासाभरानं तिचा फोन आला. म्हणाली, "हा जाड आवाज माझाच ना गं?" मी म्हटलं, हो. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं समजायले, माझ्या या घोगऱ्या आवाजापायी समद्यांचं गाणं गेलं." तिनं नंतर कुठं गायलं नाही. लग्नात हळदीला नाही, मुलाच्या बारशाला पाळणाही नाही. सगळ्या बाया म्हणायच्या, म्हण की, आणि ती म्हणायची, माझा आवाज चांगला नाही.

मी तिला माइकचं सांगितलं. तीस वर्षं उशिरा. सरांनाही सांगितलं. सर म्हणाले, "अगं, माइक एक होता, पोरी समद्या चांगल्या होत्या. तू सांगितलं नव्हतंस होय?" नव्हतं सांगितलं, सर. ते आज सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही आवाज कमी केले त्याला कारण होतं. कारण सांगायचं काम माझं होतं. मी काय काढलं ते ठेवलं आणि का काढलं ते गाळलं. त्या जागी सात जणींनी आपापलं कारण भरून घेतलं. बहुतेकींनी हसून सोडून दिलं असेल. एकीनं स्वतःलाच कारण केलं.

बाबूजींचं एका आवाजातलं गीतरामायण मी ऐकतच राहणार आहे. बीटल्सचा तो सडा अल्बमही मला जास्तच आवडतो. कमी करण्यात वाईट काही नाही. आपणही आता पंचेचाळिशी ओलांडली, घरातलं, कामातलं, नात्यांतलं बरंच काही कमी करायच्या वयात आलोय. माझं सांगणं एवढंच, की कुणाचा आवाज काढावा लागला तर का काढला ते त्या माणसाला सांगा. तो स्वतः दुसरं काही समजून घेईल त्याआधी सांगा.

माझ्याकडे दोन फायली आहेत. एक स्वच्छ केलेली, तीन मिनिटांची, माझी. ती मी लावणार नाही. दुसरी बेचाळीस सेकंदांची आहे, खरखरीसकट. मधूनच सुरू होते, दचकू नका. शेवटी सर "पुन्हा एकदा" म्हणतात, तेही ठेवलं आहे.

आठ जणींपैकी आज सहा जणी इथं आहेत. आधीची कडवी पुसली गेली, ती आता मिळायची नाहीत. पण शब्द मला अजून पाठ आहेत, सर पेटी घेऊन आले आहेत, आणि मंडपवाल्याला मी स्वतः विचारून घेतलंय. माइक आज चार आहेत.